पंचावन्न इंचांचं चाक

अण्णा,

मी आता नांदेडला असते. आईही माझ्याजवळच आहे. मामांच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या घेतल्या आहेत. मी कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढते. दिवसभर पट्टी, कंपास आणि शाई. हे पाहून तुम्ही काय म्हणाला असता, याचा अंदाज मी करणार नाही. मला एका दिवसाबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात येणारे आकडे मी तपासून घेतले आहेत.

लातूरला गंजाच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागं तुमचं आणि थोरल्या काकांचं बैलगाडीची चाकं करायचं दुकान होतं. निजामाचं राज्य अजून होतं, शाळा उर्दूत होती आणि दिवस बरे नव्हते, म्हणून मला शाळेत सोडायला तुम्ही स्वतः यायचात. दप्तर तुमच्या खांद्यावर असायचं. अंगावरचा भुसा तुम्ही दारातच झटकायचात, कारण आईला भाकरीत भुसा चालत नसे. आम्हा भावंडांची ताटं वाढून झाल्याशिवाय तुम्ही पाटावर बसत नव्हतात. तेव्हा मला हे सगळ्यांच्याच घरी होत असेल असं वाटायचं.

लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवायची असली की तुम्ही आधी चाक लोळवायचात. चाकाच्या कडेला खडूची खूण करायची, लोखंडाच्या लांब पट्टीवरून ते सावकाश पुढं न्यायचं, खूण पुन्हा खाली टेकली की तिथं रेघ मारायची. त्या रेघेच्या दोन बोटं अलीकडं लोहार पट्टी कापायचा आणि तिचं कडं जोडायचा. तापवलं की कडं फुगतं, चाकावर बसतं, आणि पाणी ओतलं की आवळून सगळे सांधे मिटवतं. तुम्हाला यात आकडा लागत नव्हता. चाक फिरून स्वतःच माप सांगायचं.

मी पाचवीत होते. जेवताना मी म्हणाले, "अण्णा, चाक लोळवायचं कशाला? कुतर मोजला की मुहीत निघतो." व्यास आणि परीघ यांना शाळेत हेच शब्द होते.

"कोण म्हणतंय?"

"आमच्या वर्गाच्या उस्तानीबाई."

तुम्ही चुलीकडं वळलात. "आगं ऐकलंस का, तुझी पोर चाक न लोळवता धाव सांगायली."

"सांगू द्या," आई म्हणाली. "भाकरी मात्र तव्यावरच भाजावी लागंल."

पण दुसऱ्या दिवशी रेणापूरच्या एका शेतकऱ्याचं चाक तयार झालं आणि तुम्ही मला हाक मारलीत. "ये माय. सांग तुझा हिसाब." तुमची दोन फुटी घडीची पट्टी मी चाकावर तीनदा उचलून ठेवली. मधला लाकडी तुंबा वर आलेला, पट्टी त्याला अडायची, म्हणून तिथं मी नजरेनंच जुळवलं. व्यास पंचावन्न इंच. बावीसनं गुणून सातनं भागलं : एकशे बहात्तर पूर्ण सहा सप्तमांश. त्या सहा सप्तमांशाचा मला फार अभिमान वाटला. तुम्ही चाक लोळवलं नाहीत. लोहाराला माझा आकडा सांगितलात.

गोवऱ्यांच्या आरातून तांबडं झालेलं कडं चौघांनी चिमट्यांनी उचललेलं मला आजही दिसतं. ते चाकावर धरतात, घण मारतात, ते एका बाजूला बसतं आणि दुसऱ्या बाजूला उठतं. लाकूड धुमसायला लागतं. लोहारचाचा ओरडतात, "मिस्त्री, बैठती नै ये! नको मारो, लकडी जल री!" कडं काढून फेकलं तेव्हा चाकाची निम्मी कड कोळसा झाली होती. लोखंड त्या काळी परवान्यावर मिळायचं.

काका माझ्याकडं बघून म्हणाले, "घाल अजून शाळंत. लोखंड गेलं, चाक गेलं. उद्यापासून घरी बसव तिला."

काका थोरले होते, घरात त्यांचाच शब्द चालायचा. माझी शाळा त्या वाक्यावर संपत होती, हे मला कळत होतं.

तुम्ही चाकाभोवती एक फेरी मारलीत. खाली बसलात, कडेवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "दादा, हिसाब बरोबर हाय तिचा. माझं चाक गोल न्हाई झालं."

"तुझं चाक? ईस वर्सांत एक तरी झालंय का तसं?"

"मग म्हातारा झालो म्हना."

"आन् नेमका माझ्याच गाडीला म्हातारा झालास व्हय रं?" शेतकरी म्हणाला. लोक हसले. काकाही हसले. दुसऱ्या दिवशी दप्तर खांद्याला लावून तुम्ही मला शाळेत सोडलंत. पुढं कितीतरी दिवस गंजातले लोक तुम्हाला विचारायचे, "मिस्त्री, आज गोल का चौकोनी?" तुम्ही मान हलवून पुढं चालायचात.

आठवड्याभरात तुम्ही मला एक सागवानी पट्टी करून दिलीत. पाच फूट लांब, दोन्ही टोकांना खाली उतरणारे पाय, त्यातला एक सरकणारा. इंचांच्या खुणा तापलेल्या खिळ्यानं डागलेल्या. त्यानंतर तुम्ही दर वेळी चाक लोळवायचात आणि मलाही आकडा विचारायचात. दोन्ही जुळले की म्हणायचात, "बघ, जमतंय."

पुढं राज्य गेलं, आणि दोन वर्षांनी तुम्हीही गेलात. काकांनी शाळेचा विषय पुन्हा काढला नाही.

औरंगाबादला आरेखन शिकत असताना सुट्टीत घरी आले, तेव्हा आईनं जपलेली तुमची हत्यारं मी पुसायला घेतली. त्यात घेर आखायची लाकडी पट्टी होती, एका टोकाला खिळा असलेली. तुमचं प्रत्येक चाक तिच्यावरून निघालेलं. मी ती सहज मोजली. खिळ्यापासून टोकापर्यंत अठ्ठावीस इंच. म्हणजे व्यास छप्पन्न, परीघ एकशे शहात्तर, भाग पूर्ण जातो. पुढची चाकं छप्पन्न भरायची, तेव्हा तेवढं एकच बिघडलं होतं असं मी धरून चालले होते. माझा आकडा तीन पूर्ण एक सप्तमांश इंचानं कमी होता. चाकात चूक असती तर तुम्ही ही पट्टी बदलली असती. ती बदलली नाहीत. तुम्ही मला पाच फुटी पट्टी करून दिलीत, जी उचलावी लागत नाही आणि तुंब्याला अडत नाही. मी कुठं चुकले ते तुम्ही त्या एका फेरीतच ओळखलं होतं. शाळा, हे शिक्षण, ही नोकरी मला कशी मिळाली ते मला त्या दुपारी कळलं. अण्णा, मी तुमची फार ऋणी आहे. हे वाक्य मला नीट लिहिता येत नाही, म्हणून साधंच लिहिते.

एक गोष्ट उरते. त्या सुट्टीच्या आधी, वसतिगृहात, मी हा प्रसंग मैत्रिणींना गंमत म्हणून सांगितला होता : माझा हिशेब बरोबर होता आणि वडिलांचं चाकच वाकडं निघालं. त्या खूप हसल्या, मीही हसले. त्यातली एक आज माझ्याच कचेरीत, शेजारच्या टेबलावर बसते. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. आईलाही नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं.