गुडघ्याचं निमित्त

धरण वसाहत,
३ मार्च, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय ढमे,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ढमी म्हणू नये, असं तुझ्या वहिनीने परवाच मला सुनावलं. मी म्हटलं, नव्वदीची झाली तरी आमची ढमी ती ढमीच. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं लांब आहे, पण मी तो रोज घालतो आणि ड्यूटीवर कोणी हसलं तर सीमेपलीकडची फॅशन आहे म्हणून दडपून सांगतो. वहिनीचा खोकला कमी आहे. भावोजींनी दुकान पुन्हा उघडलं हे वाचून फार बरं वाटलं.

इकडे सध्या नुसती धांदल चालू आहे. दोन्ही देशांची मिळून एक समिती आली आहे, आपल्या नदीवरची पहिलीच. तुमच्याकडचे चार इंजिनियर आमच्या विश्रामगृहात उतरलेत. त्यांच्यातल्या एकाने काल साखर कमी म्हणून चहा परत पाठवला, तेव्हा आमच्या लोकांना कुठे पटलं की तीही आपल्यासारखीच माणसं आहेत. इथल्या कंट्रोल रूममधून तुमच्या गावच्या पूर कक्षाला थेट फोन असावा की नसावा, हे या समितीने ठरवायचं आहे. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी इथल्या माणसाने तिथल्या माणसाला सरळ सांगायचं, एवढंच. तुला वाटेल, यात ठरवायचं काय डोंबल! पण आजवर आमचा निरोप आधी आमच्या राजधानीला जातो, तिथून तुमच्या राजधानीला, मग जिल्ह्याला आणि मग गावाला. पाण्याचे आकडे परस्पर कोणालाही सांगू नयेत, अशी पाटी माझ्या टेबलासमोर बावीस वर्षं लटकते आहे.

मोठे साहेब म्हणतात, गेल्या पावसाळ्यात पाणी अचानक आलं, कोणाला आधी काही कळलंच नाही, असं सगळ्यांनी लिहून द्या. सगळ्यांनी दिलं. माझा कागद अजून ड्रॉवरमध्ये कोराच आहे.

मी पाल्हाळ लावतोय हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणी तुझं काही मोडलं की मी आधी तुझ्या वेणीचं कौतुक करायचो, तसलाच प्रकार.

तुझं मागचं पत्र किती वेळा वाचलं ते आता सांगता येणार नाही. तुमच्या खालच्या खोलीतल्या शिवणवाल्या बाई पुरात गेल्या, त्याबद्दल तू लिहिलं होतंस. ‘रोज पाच वाजता मी त्यांच्याकडे चहाला जायचे. नेमकी त्याच दिवशी गेले नाही. गुडघ्याचं निमित्त करून वर आळशासारखी लोळत राहिले. गेले असते तर हाताला धरून त्यांना वर आणलं असतं. मशीनच्या आवाजात त्यांना पाणी आलेलं कळलंही नसेल.’ आणि त्याच्याखाली लिहिलंस, ‘तुझ्या मनाला मात्र बरं कळलं होतं, दादा. म्हणूनच त्या दुपारी फोन केलास.’

माझ्या मनाला कसलं कळतंय! मी ड्यूटीवर होतो, ढमे. एक वाजता दरवाजे उघडायचे, असं बारा वाजता ठरलं. पाऊण वाजता मी स्वतः वर निरोप पाठवला. तो फिरत फिरत तुमच्या गावात पोचायला सहा तास लागणार होते आणि पाण्याला चार. हे गणित त्या खोलीतल्या प्रत्येकाला येत होतं. आमचे फोन नोंदले जातात, म्हणून एक वाजता जेवायच्या सुट्टीत मी वसाहतीतल्या किराणा दुकानातून तुला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच लावला होता. तुझा आवाज आला आणि माझी जीभच रेटेना. नोकरी जाईल, फितूर म्हणतील, काय काय डोक्यात आलं. तेवढ्यात तू म्हणालीस, गुडघा ठणकतोय.

मी म्हटलं, “मग आज जिना उतरायचा नाही. माझी शपथ आहे तुला.”

तू हसलीस. “शपथा कसल्या घालतोस रे? खाली चहाला तर जायचंय.”

“एक दिवस चहा नाही घेतलास तर काही आभाळ कोसळत नाही.”

माझं कधी न ऐकणारी तू, त्या दिवशी ऐकलंस.

बाईंचा तेव्हा विचारच आला नाही असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्या आठवल्या. तुझ्या पत्रांतून मी त्यांना चांगला ओळखत होतो, त्या तळमजल्यावर राहतात हेही मला माहीत होतं. फोन खाली ठेवता ठेवता त्या आठवल्या, दुकानदाराने विचारलंही, ‘अजून एक लावायचाय का?’ मी नाही म्हणालो. आपली बहीण वर राहील, एवढं मला पुरलं.

तेव्हा तो आळस नव्हता, बाळा. मी तुला वर डांबून ठेवलं होतं. सात महिने तू स्वतःला बोल लावते आहेस आणि मी तुझा स्वेटर घालून मिरवतोय. मला माझीच लाज वाटते.

मंगळवारी समितीपुढे हे सगळं सांगणार आहे. कोणालाच आधी कळलं नाही, हे एकदा मान्य झालं की थेट फोनची गरजच उरत नाही. एकाला बहिणीला वाचवण्याइतकं आधी कळलं होतं, हे त्यांना ऐकावंच लागेल. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, ती काही पुरी होत नाहीत. वहिनीला सांगितलं. ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, “आधी ढमीला लिहा. तिला पेपरातून कळता कामा नये.”

एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. बाईंची मुलगी अजून तुझ्याकडे येते ना? तिला हे पत्र वाचून दाखव. वाचून दाखवणं जमलं नाही तर नुसतं हातात दे. ढमीमावशी त्या दिवशी आळसाने खाली आली नाही, असं तिच्या मनात चुकूनही राहू नये. तुला खाली जाऊ दिलं नाही ती माझी शपथ होती, आणि तिला मला काही विचारायचं असेल, तर पत्ता पाकिटावर आहे.

तू म्हणू देशील तोवर तुझा,
दादा