टेबलाच्या कडेला ठेवलेला हात

३ मार्च

ती. स्व. मामांना,

शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रविवारी पाचची गाडी धरायला निघालात आणि सव्वापाचला ब्रिज मंडळाच्या फलकावर निकाल लागला. बत्तीस जोड्यांत आपली जोडी पहिली! मी यादी तीनदा वाचली. चौथ्यांदा शिपायाला वाचायला लावली. तो म्हणाला, आता पाचव्यांदा विचारलंस तर तुमचं नावच खोडतो.

सोमवारी दुकानात सांगितलं. मालक म्हणाले, पत्ते कुटण्यात पहिला आलास, चष्म्याच्या काचा घासण्यात कधी येणार? पण दुसऱ्या फेरीसाठी चार दिवसांची रजा दिली.

दुसऱ्या फेरीत सोळा जोड्या आहेत. पहिल्या चार जोड्या देशाच्या संघाच्या शिबिराला जातील. मामा, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला तिथे कोणी दाखला विचारत नाही. फक्त खेळ विचारतात. हे एकदा व्हावं, बाकी काही नको.

एक नवीन गोष्ट आहे. या फेरीत टेबलावर आडवा पडदा असतो. आपला जोडीदार पलीकडे आणि आपल्या बाजूला एक प्रतिस्पर्धी. बोलीची कार्डं ट्रेमध्ये ठेवून पडद्याखालून सरकवायची. आपण दोघं एकमेकांना दिसणार नाही. मला जरा भीती वाटते, पण तुम्ही लावलेली सवय आहेच. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे गुण मोजायचे. बारा किंवा जास्त भरले तर उजवा हात टेबलाच्या कडेला, कमी भरले तर मांडीवर. रविवारी हात एकदाही थरथरला नाही.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमचा
टेप

९ मार्च

चि. टेप यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामी म्हणते, या पोराच्या पत्रात काना-मात्रा सुद्धा इस्त्री करून बसवलेल्या असतात. उगाच नाही मी तुला टेप म्हणत. अकरा वर्षांचा होतास तेव्हा कापडं बेतायच्या टेबलावर पत्ते मांडले, तर तू आधी टेबलावरचा खडू पुसलास, मग माझी कात्री सरळ केलीस आणि मग पत्ते उचललेस.

इथे दुकानात लग्नाच्या कोटांची गर्दी आहे. एका नवरदेवाचं पोट माप दिल्यापासून दोन बोटं वाढलं आणि दोष माझ्या शिलाईला.

पडद्याचं मात्र मला पटत नाही. वीस वर्षं खेळलेल्या माणसासमोर फळी उभी करायची म्हणजे शिंप्याला डोळे बांधून काजं करायला सांगण्यासारखं आहे. तू मंडळात जाऊन विचार की वयस्कर खेळाडूंना सूट मिळते का. माझी मान दुखते असं सांग. सगळ्याच डावांना पडदा असतो की शेवटच्या दिवशीच, तेही विचारून उलट टपाली कळव. विसरू नकोस.

हाताची सवय सोडू नकोस. तब्येत सांभाळ. मामा-मामींची आठवण ठेव.

तुझा
मामा

२२ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रयोगशाळेत काम वाढलंय हे भावजींनी फोनवर सांगितलं. तरी हे पत्र पूर्ण वाच. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं.

आपण हरलो. म्हणजे मी आणि मामा. सोळा जोड्यांत चौदावे आलो. सूट मिळाली नाही, सगळे डाव पडद्यानेच झाले. मामा असे खेळले की मला ते ओळखू येईनात. तुला माहीत आहे, मामांच्या धाडसाची इथे गोष्टी सांगतात. हातात काही नसताना ते दोघांच्या पानांच्या जोरावर जिंकायची मोठी बोली लावतात आणि माझ्याकडे नेमकी पानं निघतात. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला पत्त्यांच्या पाठीवरून दिसतं. या वेळी त्यांनी तशीच मोठी बोली लावली आणि माझी पानं अगदी कोरडी. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते बोलीच लावेनात. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी दोनदा पाणी पाठवलं.

शेवटच्या दिवशी माझ्या बाजूला एक बाई होत्या. भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या. बारा वर्षं त्या मामांविरुद्ध खेळतायत. संध्याकाळी मला म्हणाल्या, आज प्रत्येक डावात तुझी पानं चांगली की वाईट हे मी तुझ्या हातावरून सांगू शकत होते. टेबलाच्या कडेला असला की चांगली. मला हसू आलं. मी सांगितलं की माझा हात थरथरतो म्हणून मामांनी लहानपणी ही युक्ती शिकवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चांगली म्हणजे किती, हेही त्यांनीच सांगितलं का? मी म्हणालो, हो, बारा. मीच विचारलं होतं. मग त्या एवढंच म्हणाल्या की तू सगळे डाव वहीत उतरवतोस ना, घरी जाऊन ती वही बघ.

ताई, वही माझ्यासमोर आहे. अजून उघडली नाही. तूही मामांबरोबर दोन वर्षं खेळायचीस आणि एकाएकी सोडलंस. तुलाही त्यांनी हात कुठे ठेवायचा ते शिकवलं होतं का? माझी शंका मूर्खपणाची असेल तर हक्काने रागाव.

भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

२९ मार्च

प्रिय भाऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. रागवावं असं त्यात काहीच नव्हतं.

हो. मलाही शिकवलं होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मलाही वाटायचं की हात स्थिर राहावा म्हणून ते आहे. एकदा मला ताप होता आणि माझी पानं अगदी भिकार असताना हात चुकून टेबलावर राहिला. मामांनी केवढी तरी बोली लावली आणि आम्ही आपटलो. बाहेर आल्यावर ते माझ्यावर इतके ओरडले की मला रडू फुटलं. पण ते मी काय खेळले त्यावर ओरडले नाहीत रे. हात तिथे का ठेवलास, म्हणून ओरडले. तेव्हा मला सगळं कळलं.

मी म्हटलं, मी आता खेळणार नाही. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, धाकटा कसा आहे? मी म्हणाले, तो माझ्यापेक्षा बरा. सांगितलेलं तंतोतंत करतो. मला फक्त तिथून सुटायचं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तुला दुकानात बोलावलं.

नंतर कितीदा सांगायचं ठरवलं. पण तुझी शाळा सुटली आणि तू मान वर करून चालायचास ते फक्त त्या खेळामुळे. मला वाटलं, मोठा होईल, त्याचं त्यालाच कळेल. मग वाटलं, कळू नये.

एक मागणं आहे. हे पत्र कोणाला दाखवू नकोस. मामांचं माझ्या सासरी जाणं-येणं आहे. मामींचं तर यांच्या आईशी रोजचं बोलणं असतं. मला इथेच राहायचं आहे.

नीट जेवत जा. जमलं तर मला परकी समजू नकोस.

तुझी
ताई

२ एप्रिल

ती. स्व. मामांना,

शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मानेचं दुखणं कसं आहे? इथे सगळं ठीक आहे.

मी माझ्या वहीतून गेल्या तीन वर्षांचे डाव काढले. पडद्याशिवाय खेळताना, माझ्याआधी तुमची पाळी असताना तुम्ही हलक्या पानांवर एकेचाळीस वेळा मोठी बोली लावलीत. त्यातल्या अडतीस वेळा माझ्याकडे बारा किंवा जास्त गुण होते. पडदा असताना अकरा वेळा लावलीत. त्यातल्या आठ वेळा माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बेरीज दोनदा तपासली. नंतर वहीची पानं उलट बाजूने मोजली. आकडे तेच आले.

मामा, या आकड्यांचं दुसरं काही कारण असेल तर मला कळवा. मला सुचत नाही म्हणजे ते नाहीच असं नाही. मी कमी शिकलेला आहे. तुम्ही लिहाल ते मी मानेन. फक्त माझा हात कुठे आहे हे तुम्ही बघत होतात की नाही, एवढं हो किंवा नाही मध्ये लिहा.

उत्तराची वाट पाहतो. मामींना नमस्कार.

टेप

७ एप्रिल

चि. टेप यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं ते कळेना. एवढी आकडेमोड तू शाळेत केली असतीस तर आज कुठल्या कुठे असतास. कोणीतरी तुझे कान भरलेत. ती भूलवाली बाई मला बारा वर्षांत एकदाही हरवू शकलेली नाही, हे तिला खुपतं.

अरे, सवय मी लावली ती तुझ्या भल्यासाठी. घाबरट पोर होतास तू. चार माणसांसमोर पाणी प्यायचास तर पेला दातांवर वाजायचा. तुला टेबलावर बसवलं कोणी? तुझी जागा शहरात कोणी बघून दिली? समोर बसलेल्या माणसाला डोळे असतात, ते कुठेतरी वळणारच. त्यात हो काय आणि नाही काय?

असलं काही कागदावर लिहीत जाऊ नकोस. कागद राहतो. हे पत्रही वाचून फाडून टाक. मंडळाचं काय ते मी बघतो. मी त्यांना योग्य तेवढं कळवलं आहे. तू शांत राहा, काचा घास. मामी तुझी वाट बघते. पुढच्या महिन्यात ये, तुला नवा कोट शिवून ठेवतो.

माझ्यावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.

तुझा
मामा

२६ एप्रिल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

काल मंडळाच्या समितीसमोर जाऊन आलो. बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, त्या बाईंनी तक्रार केली असेल. तसं नव्हतं. अध्यक्षांनी एक पत्र वाचून दाखवलं. मामांचं. त्यात होतं की माझ्या भाच्याला हाताने खुणा करण्याची वाईट खोड लागली आहे, वडीलधारा या नात्याने मी अनेकदा बजावलं, तो ऐकत नाही, म्हणून जड अंतःकरणाने मी ही जोडी मोडत आहे. मी तारीख पाहायला मागितली. सात एप्रिल. त्याच दिवशी त्यांनी मला कोट शिवून ठेवतो म्हणून लिहिलं. त्याच शाईने.

मामांचं मला आलेलं पत्र माझ्या खिशात होतं. फाडलेलं नव्हतं. ते समितीला द्यायचं नाही असं मी घरून ठरवून निघालो होतो. दिलं. वहीही दिली. त्यांनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. सवय मी लावली, या ओळीखाली अध्यक्षांनी पेन्सिलीने रेघ ओढली. मामांना आता कुठल्याच मंडळात खेळता येणार नाही. आमची तीन वर्षांची सगळी बक्षिसं परत गेली.

मग अध्यक्षांनी मला विचारलं की नऊ वर्षं तुझाच हात होता आणि तुला कळलं नाही? मी म्हणालो, नाही कळलं. त्यांनी विचारलं, यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा, कोणी सांगणारं आहे का? तुझं पत्र दुसऱ्या खिशात होतं, ताई. त्यात सगळं होतं. तुलाही सुरुवातीला कसं कळलं नव्हतं, आणि मला का सांगितलं नाहीस, ते. मी म्हणालो, कोणी नाही. मला एक वर्षाची बंदी झाली. शिबिराचा प्रश्नच उरला नाही. तू मागितलं होतंस म्हणून दाखवलं नाही. हे उपकार म्हणून लिहीत नाही. घडलं तसं लिहितो.

बाहेर त्या भूलतज्ज्ञ बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, वर्ष हा हा म्हणता जाईल, तोवर रविवारी माझ्या घरी सरावाला ये, मी जोडीदार होते. आज सकाळी गेलो. त्यांचे शेजारी दोघं आणि आम्ही. पहिल्याच डावात बाईंनी दोन बदाम अशी बोली लावली. ब्रिजमध्ये समोरच्याने दोन बदाम म्हटलं की त्याच्याकडे बदामाची पानं आहेत असं धरून चालायचं असतं. पानं तर दिसत नाहीत. सगळा खेळ तेवढ्यावर उभा असतो. आणि मी बसून राहिलो. माझ्या मनात आलं, कशावरून? बाईंनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग आपली पानं उलटी ठेवली आणि चहा टाकायला उठल्या. मी पास म्हणालो आणि निघून आलो.

माझे दोन्ही हात अजून कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. काल संध्याकाळी दुकानात मालकांनी विचारलं, काचेवर ओरखडा कसा पडला. नऊ वर्षांत... नाही, इथे मला तीनच वर्षं झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा पडला.

मामींचा फोन आला होता. मामा जेवत नाहीत म्हणाल्या. मी विचारलं, हे तुम्हाला त्यांनी सांगायला सांगितलं का? त्या रडल्या. खरंच जेवत नसतील. मला आता ओळखता येत नाही.

पुढच्या शनिवारी भेटायला येते असं तू लिहिलं आहेस. ये. पण निघतेस म्हणून आधी कळवू नकोस, ते धरून चालणं मला आता जमत नाही. गाडीतून उतरलीस की स्टँडवरून फोन कर. मी दहा मिनिटांत पोचेन.

भावजींना नमस्कार.

तुझा भाऊ