जोडावरचा डोंगर

मंगळवार, ता. ३

प्रिय भावजी,

तुमच्या एकुलत्या एका वहिनीचे आशीर्वाद. नको असतील तर आल्या पोस्टाने परत पाठवा, तिकीट मात्र तुमच्याकडचं लावा. धाकटीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, घरात तू एकटीच वाकतेस म्हणून दुखते. थोडं नवऱ्यालाही वाकायला लाव.

पत्र बघून दचकला असाल. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता, आणि ‘हं’शी भांडता येत नाही. म्हणून कागद घेतला. गावच्या शाळेतलं अक्षर आहे, डोळे बारीक करून वाचा.

बातमी अशी की घर दिलं. गल्लीतल्या चष्मेवाल्याने घेतलं. महिनाअखेरीला त्याला किल्ली द्यायची आणि मी लेकीकडे राहायला जायचं. लेक वर्षभर मागे लागली होती, “आई, एकटी किती दिवस राहशील?” म्हटलं, “एकटी कुठे? घरात अख्खी रेल्वे आहे.” त्यावर ती रडली, मग मीच तिची समजूत घातली. म्हणजे विधवा कोण आणि समजूत कोण घालतंय बघा.

आता प्रश्न त्या रेल्वेचाच. तुम्ही दोघा भावांनी मागच्या खोलीत, टेबलावर रूळ-डोंगर-स्टेशन मांडून जे लेकरू जन्माला घातलंत, त्याचं. लेक आधी म्हणाली, कुणाला तरी देऊन टाक. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग जावईच म्हणाले, आमच्या भिंतीला अर्धी मावेल, अर्धी तरी आणा. जावई चांगले आहेत, लेकीलाच अजून कळलेलं नाही.

म्हणून सुतार बोलावला. त्याने टेबल मोजलं, दार मोजलं, पुन्हा टेबल मोजलं.

“बाई, हे आत आलं कसं?”

“आलं नाही हो, इथेच वाढलं.”

मग तो खाली वाकला. म्हणाला, “खाली तर नुसती आतडी आहेत.” तुमच्या वायरी! करवत कुठे चालवू विचारतो. मी काय सांगणार? इतकी वर्षं दर रविवारी तुम्ही त्या टेबलाखाली उताणे आणि तुमचा दादा वर. मला तुमच्या तोंडापेक्षा तुमच्या पायांचीच ओळख जास्त. चहा द्यायला आले की आधी तुमचा अंगठा हलायचा.

तर कुठे कापायचं तेवढं कळवा. यायलाच पाहिजे असं काही नाही. मी कुठे या म्हणते? मी फक्त विचारते.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही, असं ठरवून बसले होते. पण लेखणी हातात आली की माझं कुणी ऐकत नाही, मीसुद्धा नाही. यांनी त्या पाच नव्या डब्यांवर किती जीव लावला होता! खिडक्यांना धुतलेल्या एक्स-रेच्या काचा. गाद्या माझ्या निळ्या छत्रीच्या. छत्री चांगली होती, फक्त एक काडी मोडली होती. आणि पहिल्याच फेरीला पहिला डबा बोगद्यात शिरला आणि खर्रर्र करून अडकला. तुम्ही म्हणालात, “दादा, डबा लांब झाला.” ते म्हणाले, “वळण आखूड आहे.” तुम्ही म्हणालात, बोगदा आतून मोठा करू, डोंगर थोडा फोडू. ते म्हणाले, डोंगराला हात लावायचा नाही. आणि मग ते म्हणाले, “वायरी जोडणाऱ्याने डब्यांत लक्ष घालू नये.”

तुम्ही पक्कड खिशात घातलीत आणि गेलात. चहा तसाच राहिला. तो मी प्यायले.

तेव्हापासून तीन वर्षं दोघे भाऊ मुके. आणि त्यातला एक आता कायमचाच. असो. कुठे कापायचं ते कळवा.

तुमची,
वहिनी

*

बुधवार, ता. ११

भावजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र म्हणजे काय, नकाशाच तो! लाल वायर इथून सोडवा, काळी तिथून, ही पट्टी उचला, मग इथे कापा. पेन्सिलीची रेघ अगदी पट्टी लावून मारलेली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फक्त वर कोपऱ्यात ‘वहिनी’ लिहून स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामापुढे काय लिहायचं होतं, ते तुम्हालाच माहीत.

पण खरं सांगू? तो एक शब्द मी खूप वेळा वाचला. मला आई म्हणणारी आहे, आजी म्हणणारी दोन आहेत, काकू म्हणणारी तर गल्ली भरून पडली आहेत, चष्मेवालासुद्धा काकूच म्हणतो. वहिनी म्हणणारा मात्र जगात एकच, आणि तो स्वल्पविराम देऊन थांबतो.

बरं, आता तुमच्या रेघेकडे येते. ती नेमकी डोंगरातून जाते! मला आठवलं मग. दोन फळ्या आणल्या होत्या, दारातून एकेक आत घेतल्या आणि आत जोडल्या. तो जोड यांच्या डोळ्यांना खुपत होता. “गाडी काय फळीवरून चालते? जमिनीवरून चालते. जमिनीला जोड नसतो.” म्हणून नेमका जोडावरच डोंगर रचला, कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर आणून. जन्मभर लोकांचे दात केले, आणि हौसेला डोंगर केला. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, “दादा, जोडावर नको. उद्या हलवायचं झालं तर?” ते म्हणाले, “कोण हलवतंय!”

आता हलवायचंय ते कोण, तर मी.

सुतार आला. नकाशा बघून खूश झाला, “हा माणूस जाणकार दिसतो.” म्हटलं, “जाणकार आहे, फक्त येत नाही.” त्याने करवतीचे दात डोंगराच्या माथ्यावर टेकवले आणि मी म्हटलं, “थांबा, आधी चहा घ्या.” त्याने चहा घेतला. पुन्हा करवत उचलली. मी म्हटलं, “अजून एक कप?” तिसऱ्या कपाला तो म्हणाला, “बाई, तुम्हाला कापायचं नाहीये.” मी म्हटलं, “शनिवारी या.” जाताना माझ्याकडे असा बघत गेला, जसं आपण डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतो.

तो गेल्यावर म्हटलं, निदान बघू तरी, जोड आत कुठे येतो. यांचा दातांचा तो काडीवरचा छोटा आरसा घेतला, बॅटरी घेतली आणि बोगद्याच्या तोंडाशी गाल टेकवून आत पाहिलं.

भावजी, आतली भिंत कुणीतरी घासली आहे.

बाहेरून डोंगरावर ओरखडा नाही. झाडं जागच्या जागी, वरचं देऊळ... देऊळ कुठलं, तो टॉवर, तोही जागच्या जागी. पण आत, तोंडापासून हात पोचेल तिथवर, प्लास्टर कोरून कोरून मागे नेलंय. पलीकडच्या तोंडाकडूनही तसंच. दात कोरायच्या हत्यारांच्या खुणा आहेत, एकाशेजारी एक, पावसाने माती वाहते तशा. जिथे डबा घासला होता ना, बरोबर त्याच भिंतीला.

आता मला त्यांच्या बाहीवरची पांढरी भुकटी आठवते. काम सोडून किती दिवस झाले होते, आणि दुपारी मी आडवी पडून उठले की यांच्या बाहीवर भुकटी. मी चिडवायची, “कुणाची कवळी बसवताय चोरून? एखादी म्हातारी गाठलीत की काय?” ते म्हणायचे, “हं.” तो ‘हं’ तुमच्या घराण्यातलाच.

डोंगर फोडणार नाही म्हणाले, आणि आतून कोरत बसले. तुम्ही बरोबर होतात हे कबूल केलं, फक्त कुणाला दिसणार नाही अशा जागी.

मधला थोडा भाग राहून गेलाय. तिथे त्यांचा हात पोचला नसणार. किंवा पोचला असता, पण दिवस पुरले नाहीत.

मग मी एक आगाऊपणा केला. माझा हात बारीक, म्हटलं आपण पूर्ण करू. कानस घेतली, घासलं, आणि झालं असेल अशी स्वतःची समजूत घालून डबा आत ढकलला. गेला की हो मस्त! अर्ध्यापर्यंत. आता तो आत अडकून बसलाय. पुढे जात नाही, मागे येत नाही. आरशात बघितलं तर निळ्या गाद्या दिसतात.

शनिवारी सुतार येणार. त्याने डोंगर कापला तर आतला डबाही कापला जाईल. तो कापायच्या आधी काढायचा तर मला येत नाही, तुम्हाला येतं.

तेव्हा आता सरळच लिहिते. या.

यांना नेलं त्या दिवशी तुम्ही फाटकापाशी उभे होतात. आत न येता परत गेलात. गर्दीत मला दिसलं नाही असं वाटलं असेल तुम्हाला. मला सगळं दिसतं, फक्त मी लगेच बोलत नाही. आता तर ते फाटकही गंजून पडलंय, अडकायला काहीच नाही. शनिवारी सकाळी. चहा ठेवते, या वेळी तुम्हीच प्या.

वाट बघणारी,
वहिनी

*

लेकीच्या घरून, सोमवार, ता. २

भावजी,

पोचले, सामान लागलं, खोली हवेशीर आहे. खिडकीतून शेजारणीचं स्वयंपाकघर दिसतं, त्यामुळे करमणुकीची सोय झाली.

त्या शनिवारी काय झालं ते तुम्ही धाकटीला सांगितलं नसणारच. “काय झालं?” विचारलं असेल तिने, आणि तुम्ही “काही नाही, काढला डबा” म्हणाला असाल. म्हणून हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचा. मी सांगते, धाकटे, ऐक.

तुझा नवरा आला, तो सुताराच्याही आधी. दारात म्हणाला, “वहिनी.” पुढे काही नाही. मी म्हटलं, “स्वल्पविराम ना? या आत.” तर हसला गं! मग आरशातून आत बघत बसला. इतका वेळ बघत होता की मी चहा दोनदा गरम केला. मग आकड्यासारखी तार वाकवून त्याने डबा बाहेर काढला. ओरखडासुद्धा नाही. आणि मग काही न बोलता कानस घेऊन पलीकडच्या तोंडाशी बसला. म्हणून मी अलीकडे बसले. तो तिकडून घासतोय, मी इकडून. आत माझ्या बोटाला त्याचं बोट लागलं तर असा हात ओढलान, जसा काही उंदीर चावला.

सुतार आला आणि आम्हाला बघून तिथेच उभा राहिला. “अहो, आत्ता कापायचंच आहे ना? मग घासताय कशाला?”

आम्ही दोघेही घासतच राहिलो.

मग पाचही डबे इंजिनाला जोडले. गाडी निघाली, बोगद्यात शिरली, आणि आम्ही तिघेही, सुतारसुद्धा, वाकून दुसऱ्या तोंडाकडे. आली! एकामागून एक पाचही, जराही न घासता. सुताराने टाळ्या वाजवल्या. तुझा नवरा टेबलाखाली गेला, वायरी सोडवायला म्हणे. बराच वेळ अंगठा काही हलत नव्हता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. “भुकटी गेली,” म्हणाला. हं, म्हटलं मी.

मग त्यानेच सुताराच्या हातातून करवत घेतली आणि डोंगर स्वतः कापला. बोगद्याचा मोठा तुकडा आला तो भाग तुमच्याकडे, स्टेशनाकडचा माझ्याकडे. डबे मात्र तुमच्याकडे सगळे नेलेत, ते माझ्या लक्षात आलंय.

इथपर्यंत मोठ्याने. पुढचं मनात वाचा, भावजी.

तुमची अर्धी रेल्वे टेम्पोत चढवून बसताना तुम्ही मला विचारलंत, “दादा जाताना माझ्याबद्दल काही बोलला का?” आणि मी म्हटलं, “बसा, बसा, ड्रायव्हर खोळंबलाय.” ड्रायव्हर खोळंबला नव्हता, तो कोपऱ्यावर पान खात होता. मला उत्तर द्यायचं नव्हतं.

‘हो’ म्हणायला माझं काय जात होतं? ‘तुझं नाव घेतलं, धाकट्याला सांग म्हणाले.’ जिभेवर आलं होतं. तुम्हाला बरं वाटलं असतं. पण जन्मभर मी तुमची थट्टा केली, फसवलं कधी नाही.

नाही बोलले, भावजी. शेवटच्या दिवसांत एकदाही नाही. मीच काढला विषय, तर भिंतीकडे तोंड केलं. त्याचा राग मला अजून आहे, त्यांच्यावर आणि थोडा तुमच्यावरही, दोघेही तसलेच म्हणून.

पण तो डोंगर आतून कुणी कोरला ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. मला तरी तेवढं पुरतं. तुम्हालाही पुरेल का, ते मला सांगता येत नाही.

इथे सगळे चांगले आहेत, सगळे बोलतात, खूप बोलतात. तुम्ही काही बोलू नका. नुसते येऊन बसत जा.

तुमची,
वहिनी