वहीतला डबल

पनवेल,
बुधवार, ११ मार्च २०२६

चि. सौ. प्राची हिस,
अनेक आशीर्वाद.

मी इकडे बरी आहे. उलव्याला तू, हितेश आणि समृद्धी खुशाल असाल. समृद्धीचा हलणारा दात पडला का? रविवारी फोनवर ती बोलताना एक हात तोंडातच होता, त्यामुळे निम्मं काही कळलं नाही.

पत्र बघून तुला हसू येईल. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारी सासू कागद-पेन घेऊन कशी बसली! पण हे मला माझ्या अक्षरात हवं होतं. आधी तू एकटीने वाच, येत्या रविवारनंतर हितेशला दे. सोबत आपल्या ब्रिजच्या बोलींची निळी वही पाठवते आहे. ती बघून तू काय म्हणशील, या भीतीने तीनदा पाकीट चिकटवलं आणि तीनदा उघडलं.

पण आधी इकडच्या बातम्या. गव्हाणला माझ्या भावाने घरावर तिसरा मजला चढवला. बाबांच्या मिठागराच्या बाजूला गच्चीवरून आता विमानंच दिसतात. शेजारच्या शांतीला मी ब्रिज शिकवते आहे. एक्का कुठला नि गुलाम कुठला इथपर्यंत आलो आहोत. परवा पत्ते टाकून म्हणाली, "चंद्रे, माज्याशी काय खेलतंस, तुजी सूनच बरी व्हती." मी तिला म्हटलं, उतारी तुझी आहे, खेळ.

खरंच बरी होतीस. बरी कशाला, माझ्यापेक्षा चांगली होतीस. हे मी तुला कधी म्हटलं नाही, म्हणून आज पहिल्यांदा लिहिते.

आता दोन वर्षांपूर्वीच्या ठाण्याच्या त्या स्पर्धेचं. तुला सगळं पाठ असेल, तरी पहिल्यापासून लिहिते. उद्या समृद्धीने वाचलं तर तिलाही कळायला हवं.

तू एक नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी, बोललीस. तुझ्या डाव्या हाताच्या बाई दोन इस्पीक म्हणाल्या. मी लाल कार्ड काढलं, डबल. डबलचा साधा अर्थ असा की तुम्ही म्हणता तेवढे हात तुमचे होणार नाहीत, चला, गुण दुप्पट. तुझे सासरे मला शिकवून गेले तो हाच: भिडू, तू गप्प बस, यांना आता पाडू. पण त्याच कार्डाने दुसरा निरोपही देता येतो: माझ्याकडे त्यांचा रंग नाही, तू तुझा रंग सांग. कोणत्या जागी कोणता अर्थ, हे जोडीने आधी ठरवून लिहून ठेवायचं असतं. माझ्या हातात राजा-गुलामासकट पाच इस्पीक होते. मला त्यांना पाडायचं होतं.

त्या बाईंनी तुला विचारलं, या डबलचा अर्थ काय? आपल्या बोलीचा अर्थ आपण सांगायचा नसतो, भिडूने सांगायचा असतो. तू शांतपणे म्हणालीस, "त्यांच्याकडे इस्पीक कमी आहेत, मला माझा रंग विचारतायत." मी पाच इस्पीक हातात धरून दगडासारखी बसले. तू तीन बदाम बोललीस. मग त्या बाईंकडून जो डबल आला त्याचा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही.

पहिलं पान पडायच्या आधी मी डायरेक्टरना, म्हणजे पंचांना, बोलावलं. म्हटलं, माझ्या भिडूने अर्थ चुकीचा सांगितला आहे. ते म्हणाले, लिहिलेलं काही आहे का? मी म्हटलं, वही घरी आहे. तू हळूच म्हणालीस, "आई, आपण बदललं होतं ना ते." आणि मी तिथे सहा टेबलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, शाळेत मुलांनासुद्धा कधी बोलले नाही अशी बोलले, "काय बदललं? तुला डबल कलत नाय, आन् मला शिकवतंस?" तीस वर्षं शुद्ध भाषा शिकवणारी बाई! लोक हसले. तू खाली मान घालून पानं खेळलीस आणि तीन हातांनी पडलीस. आपण पहिल्या होतो, सातव्या झालो.

 घरी आल्या आल्या मी कपाटातून निळी वही काढली, तुला तोंडावर दाखवायला. पान सतरा. तू पण आत्ता उघड. ‘एक नो ट्रम्पनंतर विरुद्ध जोडीकडून दोनची बोली आली तर डबल म्हणजे रंग विचारणे. जुना अर्थ रद्द.’ तारीख स्पर्धेच्या पाच महिने आधीची. अक्षर माझं, खाली रेघसुद्धा मीच मारलेली. तू इंटरनेटवर वाचून सुचवलं होतंस, मी अर्धा तास वाद घातला होता आणि शेवटी पटलं म्हणून लिहिलं होतं. ते सगळं मला त्या वेळी आठवलं.

तू स्वयंपाकघरात कुकर लावत होतीस. चार पावलांवर. "प्राची, माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. मी वही नव्या साड्यांच्या खाली घातली आणि बाहेर येऊन सांगितलं की वही सापडत नाही. तू चार दिवस ती शोधलीस. माळा काढलास, रद्दी उपसलीस. मी तुझ्याबरोबर शोधत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर जिचं चोरलं तिच्याबरोबरच कंदील घेऊन फिरणारी चोर झाले.

इथपर्यंत तुला अंदाज असेल. पुढचं माहीत नसणार.

त्यानंतर आठवड्याने टीम निवडणाऱ्या कादंबरीताईंचा फोन आला. बायकांच्या टीममध्ये तुला घ्यायचं त्यांच्या मनात होतं. निकालाचं त्यांना काही नव्हतं, एक स्पर्धा कुणाचीही जाते, म्हणाल्या. फक्त विचारलं, "सूनबाई डबलमध्ये गोंधळतात असं ऐकलं, खरं का हो?" वही साड्यांखाली होती आणि मी म्हटलं, "हो, अजून कच्चीच आहे जरा." फोन ठेवून चहा केला आणि प्यायले. तेव्हा काही वाटलं नाही, हेच आता सहन होत नाही.

तुझी निवड निकालामुळे हुकली असं तू समजलीस. ती माझ्यामुळे हुकली. तू खेळ सोडलास. दोन महिन्यांत तुम्ही उलव्याला गेलात आणि हितेशने सगळ्यांना सांगितलं की ऑफिस जवळ पडतं. मीही सगळ्यांना तेच सांगते.

का केलं, याला काही मोठं कारण नाही. तुझे सासरे गेल्यावर माझं म्हणावं असं एक ब्रिजच उरलं होतं. तुला मीच शिकवलं, आणि लोक मला विचारायला लागले, "आज सूनबाई नाही आल्या?" मला तुझा हेवा वाटला. पोटच्या पोरीसारखी म्हणायचे तुला, आणि हेवा केला.

जाने‌वारीत मी टपाल नाक्यावर रिक्षातून उतरले आणि घर कुठल्या बाजूला ते सुचेना. नारळवाल्याच्या बाकड्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने सुचलं. त्याआधी दोनदा कुकर पाण्याविना लावला होता. शांतीला घेऊन डॉक्टरांकडे गेले, डोक्याचे फोटो काढले. गोळ्या दिल्या आहेत. हे वाढत जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हितेशला या रविवारी मीच सांगेन. तू ऐकलंस तरी नवीन ऐकल्यासारखं कर.

पण मला भीती घर विसरण्याची नाही वाटत. मागच्या शुक्रवारी ब्रिज मंडळात मिताली नावाची एक नवी मुलगी भेटली. तिने विचारलं, तुम्ही सुनेबरोबर का नाही खेळत? मी तिला ठाण्याची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून, तू कसा चुकीचा अर्थ सांगितलास ते. आणि घरी चालत येताना मला तुझा राग आला. खराखुरा राग, तोंड कडू करणारा. एवढं शिकवून पोरीने माती केली, असं पुटपुटत आले. कुलूप उघडल्यावर, चप्पल काढताना, वही आठवली. त्या वीस मिनिटांत ती माझ्या डोक्यात नव्हतीच.

मी दारातच खाली बसले.

दोन वर्षं मी ते खोटं इतक्यांदा बोलले आहे की ते पक्कं झालंय. वहीची गोष्ट कुणालाच सांगितली नाही, म्हणून ती आधी जाईल. मग मी खोटं बोलत असेन आणि मला ते खरं वाटत असेल. माफी मागायची आहे हेसुद्धा मला आठवणार नाही. म्हणून आज मागते. प्राची, चूक माझी होती. टेबलावर मी विसरले, ती साधी चूक. घरी येऊन जे केलं ते पाप.

काल कादंबरीताईंना फोन करून खरं सांगितलं.  त्या म्हणाल्या, टीम दोन वर्षं जमून गेली आहे, आता बदलता येत नाही. म्हणजे तुझं गेलं ते गेलंच, आणि ते मला भरून देता येत नाही.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. पण वही आणि पत्र नीट ठेव. पुढे कधी मी चार लोकांत म्हणेन की माझ्या सुनेला डबल कळत नव्हता. कदाचित तुझ्या तोंडावर म्हणेन, कदाचित समृद्धीला सांगेन. तेव्हा हे माझ्यासमोर धर. मी म्हणेन, हे अक्षर माझं नाही. ओरडेन, पत्र फाडायला बघेन. त्या म्हातारीवर विश्वास ठेवू नकोस, प्राची. ती कितीही आई म्हणून बोलली तरी ठेवू नकोस. आज सकाळी, सगळं नीट आठवत असताना, जिने हे लिहिलं तिच्यावर ठेव.

तुझी अपराधी,
चंद्रावती महादेव घरत
(पूर्ण सही मुद्दाम केली आहे.)