मिस्त्री त्या सकाळी आला होता

बाबा, तुमचा पूल तोडताहेत. महूच्या पुढच्या त्या लहान गावातला, जिथे तुम्ही सरकारी सब-इंजिनिअर होता आणि मी पाचवीत. परवा इंदूरच्या पलासियातून टॅक्सी करून मुद्दाम बघायला गेले. वाईट वाटलं म्हणून नव्हे. तो पडताना मला बघायचा होता. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

पुलाआधी तिथे नुसता रपटा होता, पाणी वाढलं की बुडणारा. नदी चढली की बाजार, शाळा, दवाखाना सगळं पलीकडे राहायचं. म्हणून गाव तुम्हाला देव मानायचं, आणि तुम्हालाही ते पटलं होतं. घरात आई तुमचा चेहरा बघून ताट वाढायची. त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पोहे खात बसले आहे. मिस्त्री चपला बाहेर काढून दारात उभा आहे. "साबजी, बल्लियों के नीचे की मिट्टी गीली है. स्लॅब दो दिन रुक के डालते हैं." पेपरातून मान वर न काढता तुम्ही म्हणता, "इंजिनियर कौन है, तुम कि मैं?" तो म्हणतो, "आप ही हैं साब," आणि जातो. दुपारी टेकूच्या बल्ल्या खचल्या आणि सेंट्रिंग कोसळलं. ओल्या काँक्रीटखाली एक मजुरीण गेली.

चौकशीचे साहेब घरी यायच्या आधी तुम्ही माझा दंड धरलात. "मिस्त्री आपल्याकडे आलाच नव्हता. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. समजलं?" आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, वळली नाही. साहेबांनी मला जवळ घेतलं. "बेटा, उस दिन सुबह मिस्त्री यहाँ आया था?" मी म्हटलं, "नहीं अंकल." न विचारता स्लॅब टाकला, असं मिस्त्रीच्या नावावर लिहिलं गेलं. त्याचं काम गेलं, गाव त्याला हत्यारा म्हणू लागलं. मला तुम्ही इंदूरहून सायकल आणलीत. मी ती त्याच्या घरावरून चालवलीसुद्धा. पुढे पूल झाला, तुम्हाला हार पडले, आणि मरेपर्यंत तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला पुलाचा फोटो दाखवत राहिलात. त्या बाईचा विषय एकदाही निघाला नाही. निर्लज्ज होता तुम्ही.

परवा काठावर माझ्याच वयाची एक बाई उभी होती. मशीन खांबावर दणके घालत होतं. तीच बोलायला लागली. "मेरे पिताजी मिस्त्री थे इस पुल के. सब बोलते हैं उनकी जल्दबाजी से औरत मरी. वो आखिर तक कहते रहे, मैं साब को बोलने गया था. हमने भी नहीं माना दीदी. अम्मा ने भी नहीं."

मी म्हटलं, "गए थे. मैंने देखा है. मैं उसी साब की बेटी हूँ."

मग मोबाइल काढून तिने भावाला लावला, स्पीकर चालू केला. "फिर से बोलो. जैसा बोला, वैसा ही." मी पुन्हा सगळं सांगितलं. पेपर, चपला, तुमचं ते वाक्य. तुमचं काहीही झाकलं नाही, बाबा, आणि मला त्याचा आनंद झाला. फोनवर तिचा म्हातारा भाऊ हुंदके देत होता.

तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "उस वक्त किसी ने आपसे पूछ लिया होता, तो!"

मी मान हलवली. विचारलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.