लाल पेन आणि फवारणीचा पंप

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू काळजी करत बसशील म्हणून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालो, त्याला काल महिना झाला. पेपरातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवणं बंद करा, असं तुझ्या वहिनीने बजावलं. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून एक ड्रिल मशीन आणलं आणि बागेतल्या गुलाबांवर औषध मारायला एक पंप.

दोन्हींच्या माहितीपुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचल्या. असा वाचक त्या कंपन्यांना जन्मात मिळाला नसेल. ड्रिलच्या पुस्तिकेत अकरा चुका आहेत. ‘सैल कपडे घालू नयेत’ यातलं ‘सैल’ चक्क ‘शैल’ छापलंय. म्हणजे डोंगराचे कपडे घालू नयेत. लाल पेनाने सगळं दुरुस्त करून ठेवलं आहे.

आज स्वयंपाकघरात फळी बसवण्यासाठी पहिलं भोक पाडलं. भोक छान पडलं, जरा जास्तच छान पडलं. माझ्या मफलरचं किरकोळ नुकसान झालं. वहिनी त्याबद्दल काही लिहील, तिकडे फारसं लक्ष देऊ नकोस.

तुझ्या दवाखान्यात काय म्हणतायत पेशंट? स्वतःला जप. लोभ मागावा लागत नाही, तरी मागून ठेवतो.

तुझा,
दादा

४ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि.

तुमच्या भावाचं पत्र मी पेटीत टाकण्याआधी वाचलं. त्यात खोटं काही नाही, फक्त बरंचसं नाही.

मफलर गळ्यात होता आणि ड्रिल हातात. दोघांची गाठ पडली. मफलर गरागरा गुंडाळत गेला आणि हे भिंतीकडे ओढले गेले, ते पार नाक टेकेपर्यंत. घाबरून बटण सोडायचं सोडून त्यांनी ते आणखी घट्ट दाबलं. मी पिठाच्या हातानेच प्लग उपटला. गळ्यावर लाल वळ आहे. पेनाचा नव्हे.

आणि भोक. ते आरपार शेजारच्या संगीतशिक्षिकेच्या खोलीत निघालं. बाईंनी त्याला पलीकडून डोळा लावून आम्हाला काही हवंय का, असं विचारलं. ह्यांनी नाक टेकलेल्या अवस्थेतच माफी मागितली आणि वर त्यांच्या दारावरच्या पाटीत ‘शिक्षिका’ चुकीचं लिहिलंय, हेही कळवलं.

उद्या पंप उघडणार आहेत. तुम्ही डोळ्यांच्या वॉर्डात नर्स, तुमचं ऐकतील. माझं ऐकायला त्यात आधी चूक सापडायला हवी.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

चूक सापडणं म्हणजे वाचणं नव्हे, एवढं तुला साठाव्या वर्षी कळायला हरकत नाही. ‘शैल’ दिसला आणि मफलर दिसला नाही?

चेष्टा पुरे. आमच्या वॉर्डात गेल्या आठवड्यात एक सुतार आला. चाळीस वर्षांचा अनुभव. खिळ्याला ड्रिल लागलं आणि तुकडा उडून डोळ्यात गेला. चष्मा खिशात होता. का घातला नाही, असं विचारलं तर म्हणाला, एका मिनिटाचंच काम होतं. दादा, माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो.

म्हणून सोबत पार्सलने चष्मा आणि हातमोजे पाठवतेय. हा चष्मा बाजूंनी बंद आहे, तुझ्या वाचायच्या चष्म्यावरून बसतो. ड्रिलचं टोक बदलताना प्लग काढ. फवारताना वारा पाठीकडे हवा. आणि औषध त्याच्याच बाटलीत राहू दे, सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलंस तर मी बोलणार नाही. वहिनींसाठी एक: औषध डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही, काही घालायचं नाही. लगेच नळाखाली धरायचं, घड्याळ लावून निदान पंधरा मिनिटं. मग बाटली घेऊन डॉक्टरकडे.

रागावू नकोस. रागावलास तरी चष्मा घाल.

तुझी,
धाकटी

२१ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि.

काल फोनवर थोडक्यात सांगितलं, आता सगळं लिहिते.

तुमच्या पत्राचा मान त्यांनी जवळजवळ पूर्ण राखला. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तुमचा चष्मा. ओला रुमाल उंच धरून वारा कुठला ते पाहिलं आणि पाठ केली. गुलाबांवरची मावा कीड बिचारी बघत राहिली असेल. निम्म्यात पंपाचं तोंड तुंबलं. आतला दाब सोडायचा असतो, तो त्यांनी सोडला नाही. काचांवर वाफ धरल्याने तोंडाचं बारीक भोक नीट दिसेना म्हणून दोन्ही चष्मे कपाळावर चढवले आणि प्रुफ तपासावं तसे नाकाशी धरून त्यात डोकावले. मी चष्म्याचं ओरडून सांगितलं, तर म्हणाले, एका मिनिटाचंच काम आहे. तेवढ्यात तोंड सुटलं आणि फवारा सरळ दोन्ही डोळ्यांत.

मी मान धरून त्यांना बागेतल्या नळाखाली घातलं. पाच मिनिटांनी त्यांना बुडत असल्यासारखं वाटायला लागलं, दहाव्या मिनिटाला त्यांनी सगळे गुन्हे कबूल केले. घड्याळात पंधरा झाल्यावर आणखी पाच मी माझ्यातर्फे दिली.

डॉक्टरांनी बाटली मागितली. लेबलावर ‘डोळ्यात जाऊ देऊ नये’ छापलंय, आणि ‘डोळ्यात’वर लाल पेनाने ठसठशीत अनुस्वार. हा कुणी दिला, असं डॉक्टरांनी विचारलं. ह्यांनी दोन्ही डोळे मिटलेले असताना ताठ होऊन सांगितलं, मी. डॉक्टर खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

पण पुढचं हसण्यासारखं नाही. डोळ्यांचा वरचा पडदा भाजल्यासारखा झालाय. पंधरा दिवस वाचन बंद, मग बघू म्हणाले. घरी आल्यापासून यांनी कुणाची एकही चूक काढली नाही. आज चहा घेताना हळूच विचारलं, अक्षरं परत दिसतील ना गं. मी हो म्हटलं. तुम्ही येऊन बघून तेच म्हणाल का?

वाट पाहते.

वहिनी

१२ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद, आणि या खेपेला थोडे नमस्कारही.

तू दोन दिवस इथे होतीस तेव्हा मी तोंड उघडलं नाही, म्हणून लिहितो. डॉक्टरांनी काल डोळे साफ असल्याचं सांगितलं. रोज अर्धा तास वाचायची-लिहायची मुभा मिळाली आहे, तो पहिला अर्धा तास तुला.

तू गेल्यावर वहिनीने मला दोन्ही पुस्तिका वाचून दाखवल्या. अक्षरं दिसत नसल्यामुळे चुकाही दिसल्या नाहीत, फक्त मजकूर कानावर पडला. धाकटे, फार भयंकर मजकूर आहे गं तो. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी बोट, कुणाचा तरी डोळा गेलेला असणार. मी मात्र वेलांट्या मोजत होतो.

ड्रिल आता तिच्याकडे आहे. काल तिने भिंतीपलीकडे जाऊन बाईंना आधी कळवलं, केस घट्ट बांधले, पदर खोचला, चष्मा चढवला आणि स्टुलावर उभी राहिली. मला दाराशी प्लगपाशी बसवलं. तिने थांब म्हटलं की उपटायचा, एवढीच माझी नेमणूक.

मशीन सुरू झालं आणि माझे डोळे आपोआप मिटले. औषधाने नव्हे, भीतीने. फिरत्या टोकाच्या इतक्या जवळ तिचा हात मी कधी पाहिला नव्हता. माझे प्रयोग चालू असताना ती पिठाच्या हाताने अशीच दाराशी उभी राहत होती, हे तेव्हा कळलं. चार भोकं पाडून ती खाली उतरली आणि काय झालं असं विचारलं. मी तिचा हात हातात घेऊन पाचही बोटं मोजली, मग दुसऱ्या हाताची. दहा भरली तेव्हा कुठे हात सोडला.

तुझ्या मायेत राहू दे, आम्हा दोघांनाही.

दादा