देव्हाऱ्यातली छत्रीवाली

जवाहरनगर
२८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू मोबाइलवर एवढं लांब लिहितेस आणि मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतो, म्हणून तुला राग येतो असं तुझी कामिनीवहिनी म्हणाली. म्हणून हे पत्र. फोनचं तर बोलूच नको. मागच्या महिन्यात तू सांगितलंस की मधुकरराव धानाच्या बांधीत पाय घसरून पडले, आणि मी म्हणे म्हणालो, वा, छान झालं, अभिनंदन. तुझ्या वहिनीनं हे मला दोन दिवसांनी सांगितलं. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. मेहुणा वाईट नाही, त्याचे कान वाईट आहेत, हेही सांग.

बातमी अशी की नोव्हेंबरअखेर मी फॅक्टरीतून रिटायर होतो. क्वार्टर सोडून भंडाऱ्याच्या घरी जायचं. कामिनीनं फर्मान काढलं की निदान त्या लोखंडी पेटीतल्या कॅसेटी तरी टाकून द्या. मी म्हटलं, आधी मला टाक. मग रविवारी पेटी उघडून बसलो. नव्वदच्या दशकातला माझा सगळा जीव त्या पेटीत आहे. पिवळ्या स्कूटरवाला अल्बम आहे, शालवाले गझलगायक आहेत, अन् तो जीन्सच्या जॅकेटवाला, जो पूर्ण अल्बमभर बर्फात उभा राहून रडतो, तोही आहे. एकशे बारा कॅसेटी निघाल्या. फक्त छत्रीवाली नाही.

कव्हरवर लाल छत्री घेतलेली ती पोरगी तुला आठवत असेलच. एकच अल्बम काढून ती कुठे गेली कोणास ठाऊक. मोबाइलवर म्हणे जगातलं सगळं सापडतं, ती काही सापडत नाही. ती कॅसेट कुठे आहे हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तुझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.

भाऊबिजेचं विचारू नको. मागची दोन वर्षं आलो नाही, यंदाही जमेलसं दिसत नाही. चार माणसांत बसायचं आणि सगळे हसून झाले की आपण मागून हसायचं, हे माझ्याच्यानं होत नाही.

बाकी क्षेम. लोभ आहे तसाच ठेव, फक्त चोरी कबूल कर.

तुझा भाऊ,
चंद्रकुमार


लाखांदूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमननं ते मला दिलं आणि इकडे सगळं बरं आहे ना, असं विचारलं. हल्ली पत्र आलं की लोकांना काही तरी वाईटच झालं असं वाटतं. यांनी तुझं वाचून घेतलं आणि एवढंच म्हणाले की अभिनंदनाबद्दल आभारी आहे, पुन्हा पडलो की कळवीन.

आता छत्रीवालीचं. भाऊ, दर भाऊबिजेला तू हेच विचारायचास आणि दर भाऊबिजेला मी हेच सांगायची की मी ती आणली नाही. लग्नाआधी तुझ्या पेटीचं कुलूप मी केसांच्या पिनेनं उघडायची, हे कबूल. तू ड्युटीवर गेलास की छत्रीवाली लावायची, हेही कबूल. तू ती मुद्दाम बाजू दोनच्या तिसऱ्या गाण्यावर थांबवून जायचास आणि आल्यावर बघायचास. मीही मग पेन्सिल घालून बरोबर तिथं आणून ठेवायची. पण उचलून सासरी नेली म्हणशील, तर नाही. त्रिवार नाही.

उलट हिशेब तुझ्याकडेच निघतो. लग्नात लोकांनी साड्या दिल्या, डबे दिले, गावातल्या परसरामनं टेबलफॅन दिला. आणि सख्ख्या भावानं काय दिलं, तर जिलेटीन कागदात बांधलेली भजनांची कॅसेट. चोवीस वर्षांच्या पोरीला. निघताना मी ढसाढसा रडले, सगळ्यांना वाटलं माहेर सुटतं म्हणून. अर्धं रडणं त्या भजनांचं होतं.

म्हणून मी पैज लावते. दिवाळीची सफाई काढलीच आहे, घराचा कोपरा न् कोपरा बघते. छत्रीवाली माझ्या घरात सापडली तर तू सांगशील ते करीन. नाही सापडली, तर तू कानाची मशीन लावून भाऊबिजेला यायचं. वहिनींनी मला सांगितलं आहे की मशीन दोन वर्षांपासून डबीतच आहे आणि डबी तुझ्या मोज्यांच्या खणात आहे.

एक खरं लिहिते, हसू नको. मला कधी कधी तुझ्याशी बोलायचं असतं. मी बोलते आणि तू हो हो, हो हो म्हणतोस. फोन ठेवला की मला फार एकटं वाटतं.

वहिनींना नमस्कार. लोभ वाढवणार असशील तर कान लावून वाढव.

तुझी,
दामिनी


जवाहरनगर
१२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. दामिनीस,
अ. आ.

पैज मंजूर. मशीन लागणारच नाही, म्हणून मंजूर. एकदा लावली होती तर कामिनी पत्र्याच्या डब्यातून बोलते आहे असं वाटलं, अन् फॅक्टरीच्या बसमध्ये जो तो माझ्या तोंडाकडे सोडून कानाकडे बघून बोलत होता.

भजनांच्या कॅसेटीसाठी तू रडलीस, हे मला आज कळलं. एक सांग, ती तू कधी वाजवलीस तरी का? स्थळ बघायला आलो तेव्हा तुमच्या बैठकीत दोन स्पीकरचा चांगला टेपरेकॉर्डर होता. मी तो नीट पाहून घेतला होता.

घर झाडशील तेव्हा डोकंही झाड. जास्त काही लिहीत नाही.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तुझी तू वापर.

चंद्रकुमार


लाखांदूर
२१ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

मी हरले.

आता सविस्तर लिहिते. तुझा टेपरेकॉर्डरचा प्रश्न मी सासूबाईंना विचारला. शकुनबाई ऐंशीच्या झाल्या तरी हसायला लागल्या की पदर तोंडात धरतात. तो टेप आमचा नव्हताच. पाहुणे येणार म्हणून शेजारून मागून आणला होता आणि तुम्ही चहा पिऊन फाटकाबाहेर पडलात तसा परत गेला. मी सासरी आले तेव्हा घरात वाजवायला काहीच नव्हतं. सून येताना भजनं घेऊन आली याचं मात्र सासूबाईंना एवढं कौतुक की त्यांनी कॅसेट सरळ देव्हाऱ्यात ठेवली. पाच वर्षांनी यांनी टेप घेतला, तोवर तिला रोजचं हळदकुंकू सुरू झालं होतं. एकदा यांनी लावायला मागितली तर सासूबाई म्हणाल्या, "देवाची वस्तू आहे, थे काही वाजवाची नसते." माझा तर तिच्यावर रागच होता. मी कशाला मागते?

परवा देव्हारा धुवायला काढला. डबीला उदबत्तीच्या काजळीचा थर होता. पुसता पुसता ती उघडली आणि आतून छत्रीवाली निघाली. सव्वीस वर्षं आम्ही घरदार मिळून तिची पूजा करत होतो.

आत घडी घातलेली तुझी चिठ्ठी होती. "सासूबाई शेतावर गेल्या की लावत जा. घरची आठवण आली की बाजू दोन, तिसरं गाणं. कुणाला सांगू नको. भाऊ." मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. जिला तू मला हात लावू देत नव्हतास, ती दिलीस आणि मी तुला भजनांवरून बोल लावला. मी तुझं फार मोठं देणं न बघताच बाजूला ठेवलं, भाऊ. मला माफ कर.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, देवानं एवढी वर्षं सांभाळली तर काही वाईट नसणार.

आमचा टेप कधीच बिघडला, म्हणून अजून लावली नाही. दुसऱ्याकडे लावणारही नाही. हरलेल्या माणसानं अट घालायची नसते, म्हणून मशीनचं मी काही लिहीत नाही. तू काय सांगशील ते मी करीन. ३ तारखेला भाऊबीज आहे, एवढं फक्त आठवण म्हणून.

लोभ होता, हे मला उशिरा कळलं. आता तो नीट सांभाळीन.

तुझी,
दामिनी


जवाहरनगर
७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचलो. येताना एसटीत टेपरेकॉर्डर मांडीवर होता, जातानाही होता. कंडक्टरनं दोन्ही वेळा विचारलं की विकाचा आहे काय.

माफी तू कशाला मागतेस? ती कॅसेट हातात देऊन, घे बाई, तुझ्यासाठी, एवढं म्हणायची मला लाज वाटली. पेटीला कुलूप लावणारा भाऊ एकदम मऊ कसा दिसणार? म्हणून भजनांच्या डबीत घातली आणि तुझ्या पत्राची वाट बघत बसलो. तुझं पत्र आलं, त्यात धानाचं होतं, म्हशीचं होतं, कॅसेटचं अक्षर नव्हतं. मी रुसलो. मग दरवर्षी विचारत राहिलो आणि तू नाही म्हणायचीस, तेव्हा वाटायचं, सासरच्यांसमोर काय बेमालूम नाटक करते पोरगी.

पैज मी जिंकलो होतो. मशीन लावायचं काही कारण नव्हतं. पण तुझं पत्र वाचून झाल्यावर मोज्यांचा खण उघडला. तुला बोलायचं असतं आणि तुला एकटं वाटतं, हे तू आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचून डोकं झाड असं उत्तर पाठवलं होतं. ते मला सारखं टोचत राहिलं.

म्हणून आलो तो कानाला मफलर गुंडाळून. सगळ्यांनी तापाची विचारपूस केली. मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलो होतो आणि तू मागून अगदी हळू कामिनीला म्हणालीस, "वहिनी, भाऊ खरंच आयकून राहिला का नुसती मान हालवून राहिला?" मी वळून म्हटलं, "आयकून राहिलो." तुझ्या हातून झारा पडला, त्याचा आवाजही मी ऐकला. फार मोठा होता.

ओवाळून झाल्यावर छत्रीवाली लावली, त्या गाण्याचं खरं सांगू? मी तिथं बोललो नाही, कारण शकुनबाई हात जोडून बसल्या होत्या. गाणं तेवढं काही थोर नाही. ती पोरगी वरच्या सुरात घसरते आणि तबलावाला आपल्याच घाईत आहे. यासाठी आपण सव्वीस वर्षं भांडलो. पण तू शेजारी बसून गायिकेच्या अर्धी ओळ आधीच गुणगुणत होतीस. तीच तुझी जुनी खोड. ते ऐकायला मी पुन्हा पुन्हा मागे फिरवून लावत होतो, टेप अडकते म्हणालो ते खोटं होतं.

कॅसेट देव्हाऱ्यातच राहू दे. पेटीत एकशे बाराच बऱ्या.

पत्र पोचायला पाच दिवस लागतात, तेवढी वाट बघवत नाही. रविवारी सकाळी आठला फोन कर. जे बोलायचं राहून गेलं असेल ते सगळं सांग. मी हो हो म्हणणार नाही.

तुझा,
भाऊ